खोक्यावर बारा, पण माईक किती?

पत्र असं आलं आहे:

"नाना, नमस्कार. आम्ही अमळनेर तालुक्यातले. आमचा सहा जणांचा अहिराणी गाण्यांचा संच आहे. मोठा भाऊ आणि वहिनी गातात, मागे दोन पोरं झील धरतात, त्यातलाच एक ऑक्टोपॅड वाजवतो. एक ढोलकीवाला, आणि मी कीबोर्डवर. हळद, कानबाई, भंडारा, शाळेचं गॅदरिंग असे कार्यक्रम मिळतात. आतापर्यंत मंडपवाल्याच्या मशीनवर, म्हणजे अँप्लिफायरवर, भागवलं. पण त्याला माईकच्या जागा मोजक्या, कीबोर्डही माईकच्या जागीच लावावा लागतो आणि आवाज फाटतो. वहिनीचं एकच गाऱ्हाणं, 'मना आवाज मालेच ऐकू येत नही.' यंदा सगळ्यांनी मिळून पंचवीस हजार रुपये मिक्सरसाठी बाजूला काढले. दुकानदार म्हणतो बारा चॅनेलचा न्या. एक मित्र म्हणतो, आता मोबाईलवर चालणारा डिजिटलच घ्यायचा. दुसरा म्हणतो ब्लूटूथ आणि पेनड्राइव्ह पाहिजेच. काय घेऊ?"

भाऊ, तुमच्या पत्रात पाच-सहा प्रश्न आहेत, पण माझं बोट वहिनींच्या वाक्यावर थांबलं. मिक्सर, म्हणजे सगळे माईक आणि वाद्यं एकत्र जुळवून पुढे मशीनला देणारं यंत्र, निवडायची सुरुवात तिथून करा. चॅनेल, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह हे सगळं त्याच्या नंतर.

हे मी अनुभवाने सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशात कानबाई देवी बसते. अशाच एका कानबाईला मी एका संचाचा आवाज सांभाळत होतो. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून गाणी दिवेलागणीलाच सुरू केली होती. माझ्याकडे नवा कोरा छोटा मिक्सर, त्यात सोळा प्रकारचे इको. समोर बसलेल्या बायाबापड्यांना सगळं छान ऐकू जात होतं. पण गाणारी ताई दोन्ही स्पीकरच्या मागे, ढोलकीच्या शेजारी. तिला स्वतःचा सूर ऐकू येईना, म्हणून ती जोर लावत गेली. साडेआठला तिचा आवाज बसला. पुढची गाणी पोरांनी ओढून नेली. तिच्यापुढे ठेवायला छोटा स्पीकर माझ्या गाडीत होता, पण त्या मिक्सरमधून त्याला वेगळा आवाज द्यायची सोयच नव्हती. ते मी विकत घेताना बघितलं नव्हतं. गाणाऱ्या माणसाचा गळा हीच संचाची पुंजी असते, आणि त्या दिवशी ती माझ्यामुळे खर्ची पडली. ते मला अजून लागतं.

ती सोय म्हणजे 'ऑक्स सेंड', आणि तीसुद्धा 'प्री-फेडर'. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. मिक्सरच्या प्रत्येक चॅनेलला, म्हणजे एकेका आवाजाच्या वाटेला, खाली एक सरकपट्टी किंवा गोल बटण असतं, तो फेडर. लोकांना किती ऐकू जावं ते तो ठरवतो. ऑक्सचं बटण त्याच आवाजाचा एक वेगळा पाट काढतं, शेताच्या चारीतून बाजूच्या वाफ्याला पाणी द्यावं तसा. हा पाट फेडरच्या आधी फुटत असेल तर प्री, नंतर फुटत असेल तर पोस्ट. इकोला पोस्ट लागतो, कारण गाणं कमी केलं की त्याचा इकोही कमी व्हायला हवा. गाणाऱ्याच्या समोरच्या स्पीकरला, म्हणजे मॉनिटरला, प्री लागतो. तुम्ही लोकांसाठी वहिनींचा आवाज वर-खाली केलात तरी वहिनींना स्वतःचा आवाज एकाच मापात ऐकू येत राहतो. पोस्टवर मॉनिटर चालवला तर तुम्ही फेडर खाली आणताच त्यांचा सूर गायब, त्या जोर लावणार, तुम्ही मॉनिटर वाढवणार, आणि शिट्टी सुरू.

अगदी छोट्या मिक्सरमध्ये बहुतेक वेळा एकच ऑक्स असतो आणि तो इकोला बांधलेला असतो. यामाहाचा एमजी१०एक्सयू घ्या. चांगला, टिकाऊ मिक्सर आहे, मी वापरला आहे. पण त्यात ऑक्स आणि इफेक्ट एकच. एकटा गायक, एक गिटार, एक कीबोर्ड एवढ्याला उत्तम. तुमच्यासारख्या संचाला मी तो घ्या म्हणणार नाही.

आता दुकानदाराचे बारा चॅनेल. खोक्यावर जो आकडा छापतात त्यात सगळी इनपुट मोजलेली असतात. कीबोर्डसाठीची डावी-उजवी जोडी म्हणजे दोन. अशा तीन-चार जोड्या धरल्या की आकडा फुगतो. त्या एमजी१०एक्सयूच्या नावात दहा आहे, पण माईकची इनपुट चार. साउंडक्राफ्टच्या नोटपॅड-१२एफएक्सच्या नावात बारा आहे, तिथेही माईकची चारच. बेहरिंगरच्या झेनिक्स एक्स१२०४यूएसबीलाही चार. कंपन्या खोटं बोलत नाहीत, मोजायची पद्धतच तशी आहे. पण कार्यक्रमाच्या दिवशी पाचवा माईक हातात घेऊन उभं राहायची वेळ तुमच्यावर येते. म्हणून दुकानात फक्त तीन टोकांचं गोल इनपुट मोजायचं, ज्याला आपल्याकडे कॅनन म्हणतात. ते जितके, तितके तुमचे माईक.

तुमचा हिशोब मी असा लावतो. भाऊ एक, वहिनी एक, झील धरणाऱ्या दोघांत एक, ढोलकीला एक. चार झाले. ढोलकीला एकाच माईकवर भागवलं तर तो शाईच्या बाजूला जातो आणि धुम, म्हणजे दुसऱ्या बाजूचा जाड आवाज, मरते. अहिराणी गाण्याची चाल धुमावर चालते, ती ऐकू आली नाही तर पोरं नाचत नाहीत. म्हणून ढोलकीला दोन माईक हवेत. पाच. शिवाय हळदीला कोणी तरी मामा दोन शब्द बोलायला उठतोच, भंडाऱ्याला सरपंच असतात. त्यांच्या हातात वहिनींचा माईक देऊ नका. सहा. माईक सोडून कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड या दोन जोड्या, आणि कधी ट्रॅक लावायला मोबाईल.

सहा माईकचा, आत इकोचा आणि प्री-ऑक्सचा मिक्सर म्हटलं की यामाहाचा एमजी१२एक्सयू डोळ्यापुढे येतो. सहा कॅनन, दोन ऑक्स, त्यातल्या पहिल्याला प्रीचं बटण. आणखी एक गोष्ट मला त्यात फार मोलाची वाटते: त्याचा वीजपुरवठा आतच आहे, १०० ते २४० व्होल्ट चालतो, साधी वायर लागते. एमजी०६ आणि एमजी१० या धाकट्या भावंडांना बाहेरचा अडॅप्टर लागतो. तो वेगळ्या पिनचा असतो, मोबाईलचा चार्जर तिथे चालत नाही. रात्री साक्री-पिंपळनेरच्या एखाद्या पाड्यावर अडॅप्टर हरवला किंवा जळाला तर तुमचा मिक्सर म्हणजे नुसता लोखंडाचा डबा. पंप सुरू झाले की गावात दिवे मिणमिणतात हे तुम्हाला सांगायला नको. व्होल्टेज पडलं तरी तग धरणारा पुरवठा इथे लागतो.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. त्या मिक्सरचे पाचवा आणि सहावा माईक जोडीच्या चॅनेलवर बसवलेले आहेत. तिथे माईक लावला की ती जोडी कीबोर्डला उरत नाही. सहाही माईक लावले तर कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड बसतात, मोबाईलला जागा उरत नाही. ज्या दिवशी ट्रॅक लागणार त्या दिवशी पाहुण्याचा माईक काढा, किंवा ढोलकी एका माईकवर वाजवा.

तो पंचवीस हजारांत बसला नाही, आणि मॉनिटरचा खर्च धरून तो बसणं कठीण आहे, तर माझा दुसरा कौल बेहरिंगरच्या एक्स१२०४यूएसबीला. माईक चारच, पण दोन ऑक्स आहेत आणि पहिल्याला प्री-पोस्टचं बटण आहे. पाहुण्यांनी झीलवाल्यांचा माईक वापरायचा, ढोलकी एका माईकवर, आणि वहिनींना त्यांचा आवाज मिळणार. सहा माईकचा पण मॉनिटर नसलेला, आणि चार माईकचा पण मॉनिटर असलेला, असा पेच पडला तर मी डोळे मिटून दुसरा घेईन.

पंचवीस हजार सगळे मिक्सरवर घालू नका हे मात्र मी हात धरून सांगतो. त्यातून आठ किंवा दहा इंची, आत अँप्लिफायर असलेला एक लहान स्पीकर वहिनी आणि भाऊ यांच्या पायाशी ठेवायला घ्या. नवा परवडला नाही तर जुना बघा. चांगल्या वायरी घ्या. माईकच्या वायरीला दोन्ही टोकांना कॅनन पाहिजे. आपल्याकडे अजून एका टोकाला मोनो जॅक लावलेल्या वायरी सर्रास चालतात. त्या लांब ओढल्या की घरघर आणतात आणि मिक्सरच्या चांगल्या इनपुटचा उपयोगच होत नाही. शिवाय ४८ व्होल्टचं फँटम बटण, म्हणजे वायरीतूनच माईकला वीज देणारं, लहान मिक्सरमध्ये सगळ्या माईकना एकदमच लागतं. कंडेन्सर माईकला त्याची गरज असते. तुमच्या साध्या डायनॅमिक माईकला नसते, आणि नीट कॅनन वायरीवर त्याने काही बिघडत नाही. पण घरी जोडलेली चुकीची वायर किंवा कॉर्डलेस माईकचा रिसीव्हर लावलेला असेल तर नुकसान होऊ शकतं. तुमच्या संचात कंडेन्सर नाही, तेव्हा ते बटण बंदच असू द्या.

कीबोर्डचा आवाज फाटतो याचं औषध तुम्हाला आजच देतो, त्याला पैसे लागत नाहीत. माईकमधून येणारा संकेत काही हजारांश व्होल्टचा असतो, कीबोर्डमधून येणारा त्याच्या शेकडो पट मोठा. माईकच्या इनपुटला तो झेपत नाही, म्हणून फाटतो. मंडपवाल्याच्या मशीनला मागे 'लाइन' किंवा 'ऑक्स' लिहिलेलं इनपुट असतं (हा ऑक्स आवाज आत घेणारा, मिक्सरवरचा ऑक्स सेंड बाहेर देणारा), कीबोर्ड तिथे लावा. उद्या मिक्सर आला की मिक्सरची मुख्य वायरही त्याच इनपुटला जायला हवी. मी किती तरी गावांत बघितलं, लोक चांगला मिक्सर आणतात, मशीनच्या माईक इनपुटला लावतात आणि म्हणतात, जुनंच बरं होतं. मशीनवरचा इको आणि टोन मधोमध किंवा बंद ठेवा, जे करायचं ते मिक्सरवर करा. दोन इको एकावर एक चढले की गाण्यातला एक शब्द कळत नाही.

आणि शब्द कळायला हवेत, भाऊ. अहिराणी गाण्याची गोडी शब्दात आहे. म्हातारी माणसं पुढे सरसावून ऐकतात ती सासर-माहेरच्या ओळींसाठी. मंडपातला कोणी तरी येऊन म्हणेल, इको वाढवा. थोडाच वाढवा. गाणं संपून बोलणं सुरू झालं की तो पूर्ण बंद करा. काही मिक्सरला पायाने इको बंद करायच्या स्विचची जागा असते. तुमचे दोन्ही हात कीबोर्डवर असतात, तेव्हा ती असेल तर मला आनंदच आहे.

डिजिटलबद्दल. तुमचा मित्र चुकीचं सांगत नाही. बेहरिंगरच्या एक्सआर१८सारख्या मिक्सरला माईकची सोळा इनपुट आणि सहा ऑक्स आहेत, म्हणजे तुमच्यातल्या प्रत्येकाला हवं तसं वेगळं ऐकवता येतं. एकदा जमवलेलं सगळं साठवून ठेवता येतं. पण त्याच्या अंगावर फेडर नाहीत, सगळं टॅबवर. त्याचं आतलं वायफाय भरलेल्या मंडपात, चारशे मोबाईलच्या गर्दीत, दगा देतं. बाहेरचा राउटर जोडावाच लागतो. आणि आपला मे महिना. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो, आणि आयपॅड वापरायची कंपनीने सांगितलेली मर्यादा ३५ अंशांपर्यंतची आहे. उन्हात टॅब तापून बंद पडला तर तुम्ही कीबोर्ड सोडून काय कराल? आवाजासाठी वेगळा माणूस असलेल्या संचाने डिजिटल जरूर घ्यावा. तुम्ही वाजवता वाजवता मिक्सर सांभाळणार, तुम्हाला हात घातला की सापडणारं बटण हवं.

पेनड्राइव्हचं थोडक्यात. खोक्यावर 'यूएसबी' लिहिलेलं असतं त्याचे दोन अर्थ होतात. एकात पेनड्राइव्ह लावून गाणी वाजतात. दुसऱ्यात लॅपटॉपला वायर जोडून तुमचं गाणं रेकॉर्ड करता येतं. यामाहा आणि बेहरिंगरच्या वर सांगितलेल्या मिक्सरमध्ये दुसरा प्रकार आहे, पेनड्राइव्ह त्यात वाजणार नाही. तुम्हाला दुसराच जास्त कामाचा, कारण आपली गाणी रेकॉर्ड करून ठेवली पाहिजेत. ब्लूटूथवर ट्रॅक लावू नका. मध्येच फोन आला तर घंटी अख्ख्या मंडपात वाजते. मोबाईल विमान मोडवर टाकून वायरीने जोडा.

आता जे सांगतो ते मिक्सरपेक्षाही महत्त्वाचं. मिक्सर आणि मशीन एकाच बोर्डावरून चालवा. एक या घरातून, दुसरं त्या खांबावरून असं केलं की दोन अर्थिंगच्या मध्ये घरघर सुरू होते. घरघर घालवायला कोणी तरी सांगेल, प्लगची जाड मधली पिन काढून टाका. कधीही काढू नका. ती अर्थिंगची पिन आहे. मशीनमध्ये वीज उतरली तर ती माईकच्या जाळीपर्यंत येते, आणि वहिनींचे ओठ त्या जाळीला लागलेले असतात. पावसात, ओल्या जमिनीवर, अनवाणी उभं राहून कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बाईच्या जिवाशी हा खेळ आहे. घरघर आलीच तर डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्या मध्ये लावायची छोटी डबी, वापरा. त्यावर 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण असतं, ते फक्त आवाजाच्या वायरीतला जोड तोडतं, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं. कीबोर्डच्या लांब वायरीसाठीही तो कामाला येतो.

जुना मिक्सर घ्यायचा झाला तर आपला माईक आणि आपला कीबोर्ड घेऊन जा. प्रत्येक इनपुटला माईक लावून बोला, एकही सोडू नका. प्रत्येक बटण फिरवताना खरखर येते का ऐका. थोडी खरखर साफ करून जाते. पण बोटाने दाबलं की आवाज येतो-जातो अशी जागा असेल तर आतला टाका सुटलेला आहे, तो मिक्सर सोडून द्या. अर्धा-पाऊण तास चालू ठेवा आणि पाठीवर हात ठेवून बघा. धूळ हा आपल्याकडचा मोठा शत्रू. बोरी नदीच्या पात्रातली यात्रा असो की कापसाच्या शेताजवळचा मंडप, मिक्सरवर सुती पंचा टाकून ठेवायचा आणि छोटा हत्ती टेम्पोत तो कीबोर्डसारखा गादीत गुंडाळून न्यायचा.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी कार्यक्रमात नेऊ नका. ओट्यावर मांडा. सगळे फेडर खाली करा, वहिनींना त्यांच्या सगळ्यात चढ्या ओळीचं गाणं पूर्ण जोरात म्हणायला सांगा आणि वरचं गेनचं बटण, जे माईकचा आवाज आत किती घ्यायचा ते ठरवतं, लाल दिवा लुकलुकेपर्यंत चढवून थोडं मागे घ्या. गाणाऱ्यांच्या माईकना लो-कटचं, म्हणजे खालचा घुमणारा आवाज कापणारं, बटण दाबा, ढोलकीच्या धुमाच्या माईकला दाबू नका. गेन बसला की त्याला पुन्हा हात लावायचा नाही, पुढचं सगळं फेडरवर. शिट्टी आली तर ट्रेबल-बास वाढवून ती जात नाही, कमी करून जाते. मुख्य स्पीकर नेहमी गाणाऱ्यांच्या पुढे, आणि मॉनिटर त्यांच्या माईकच्या पाठीकडे तोंड करून.

दुकानात जाताना एकटे जाऊ नका, दुकानदाराशी भाव करायला भावाला न्या आणि वहिनींनाही न्या. मिक्सरला माईक आणि ऑक्सच्या आउटपुटला एक स्पीकर लावून द्यायला सांगा, ऑक्सवर प्री दाबा, वहिनींना दोन ओळी म्हणू द्या आणि त्या म्हणत असताना त्यांचा फेडर हळूहळू पूर्ण खाली आणा. स्पीकरमधून त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत राहिला, तर पैसे मोजा.